सौनाच्या फळीची बेस गिटार

शेजाऱ्याच्या दारावरची बेल दाबायला तुम्हाला कारण लागतं का? लगेच 'छे' म्हणू नका. साखर संपली, पार्सल चुकून आमच्याकडे आलं, छत गळतंय, वर्गणी द्या, ही सगळी कारणंच झाली. ती बाजूला ठेवा. नुसतं 'आलो सहज' एवढंच हातात उरलं, तर बोट बेलपर्यंत जातं का?

काउको पानानेनचं जात नसे. आणि हा गडी उभा जन्म पोस्टमन होता. वार्काउस गावातल्या कुठल्या दाराची पितळी झडप कुरकुरते, कुठली बोट चावते, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. पण त्याचं काम झडपेपाशी संपायचं. पत्र आत सरकवायचं, आत पडल्याचा आवाज ऐकायचा, पुढचा जिना. निवृत्त झाला तरी बोटाला तीच सवय राहिली. बाहेर पडायच्या आधी तो दाराच्या भिंगाला डोळा लावायचा. जिन्यात कुणी असलं तर लिफ्ट खाली जाईपर्यंत आत थांबायचा, बूट घालून, टोपी घालून, मुकाट. यात शिष्टपणा नव्हता. समोरचाही त्याच्या दाराआड तेच करत असे.

पण शनिवार संध्याकाळ वेगळी. इमारतीच्या तळघरात सोसायटीचा सौना होता, म्हणजे गरम वाफ घ्यायची लाकडी खोली, आणि शनिवारी पुरुषांची पाळी. वर्षानुवर्षं यायचे तिघेच. तिसऱ्या मजल्यावरचा काउको, पाचव्यावरचा औलिस आणि तळमजल्यावरचा पेंत्ती. कपडे खुंटीला टांगले की तिघांच्या जिभा सुटायच्या. आत एक मिणमिणता दिवा, त्यालाही लाकडी पट्ट्यांची झापड. चष्मे बाहेर राहिलेले. बैठकीच्या वरच्या पायरीवर तिघे एका ओळीत, तोंडं शेगडीकडे. उघड्या शेजाऱ्याकडे वळून बघायची आमच्यात पद्धत नाही. कुणीतरी एक शेगडीवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचा, चर्रकन वाफ उठायची आणि वाफेतून एक आवाज काहीतरी सांगायचा, असं काहीतरी, जे डॉक्टरलाही सांगितलं नसेल. दुसरा आवाज 'हं' म्हणायचा. बस्स, तेवढं 'हं' माणसाला आठवडाभर पुरायचं.

मग अंग पुसायचं, शर्ट चढवायचा. शर्ट चढला की तिघे परके. लिफ्टमध्ये मान हलवायची, तीही एकदाच.

पेंत्ती गेला तेव्हा काउको आणि औलिस दोघेही चर्चमध्ये गेले. काळे कोट घालून वेगवेगळ्या बाकांवर बसले, आणि निघताना मान हलवली.

त्या पाठोपाठ सोसायटीची वार्षिक सभा झाली. मॅनेजरबाईने एका दमात वाचून दाखवलं, सौना कुणी वापरत नाही, वीज खातो, तिथे सामान ठेवायच्या खोल्या काढू. 'कुणाची हरकत?' तिने विचारलं, आणि कागदावरून मान वर काढण्याआधीच अध्यक्षाने ठरावाची हातोडी उचललेली होती. काउकोच्या घशापर्यंत शब्द आला. औलिस आपल्या टोपीची शिवण तपासत राहिला. हातोडी पडली. आमच्याकडे गप्प बसलेल्याचा होकार धरतात. फार जुनी रीत आहे म्हणतात. जुनी असेल, पण अशा रीतीचा फायदा कायम बोलक्यांनाच होतो, हे कुणी नोंदवत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी काउको संध्याकाळी टॉवेल घेऊन उठला, आणि दारापाशी जाऊन परत बसला.

औलिसशी बोलायचं तर कुठे बोलायचं, हा साधा प्रश्न होता. माणूस दोन मजले वर राहत होता. पण जाऊन म्हणायचं काय?

शरदात मजुरांनी सौनाच्या बैठकीच्या फळ्या उखडून कचऱ्याच्या डब्यांपाशी टाकल्या. आल्डरचं लाकूड ते. पाठींच्या घामाने आणि उष्णतेने तपकिरी झालेलं. काउको त्यांच्यापाशी उभा राहिला आणि त्याला वाफेतला एक आवाज आठवला. "तरुणपणी उन्हाळाभर तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात बेस वाजवायचो मी. घर घेताना विकली. आता आपण ज्याच्यावर बूड टेकलंय ना, त्याच लाकडाची होती. बोटं अजून वळवळतात, लेका." तेव्हा काउकोने 'हं' म्हटलं होतं. तो आवाज औलिसचा होता, याबद्दल त्याच्या मनात तसूभर शंका नव्हती.

त्याने वरच्या पायरीच्या फळ्या उचलल्या आणि घरी नेल्या. औलिससाठी बेस गिटार करायची. ती हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला 'का आलास' असं कोण विचारेल? शिवाय हे कारण भलंथोरलं होतं. झडपेतून आत सरकवून पळता येणार नव्हतं.

त्याने आयुष्यात पक्ष्यांच्या खोप्याखेरीज काही बनवलं नव्हतं. वाचनालयातून पुस्तक आणलं, संगणकावर परक्या माणसांचे हात बघितले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळ्या सरसाने जोडल्या, शिकंजे आवळले, टेबल अडलं म्हणून चार दिवस ओट्यापाशी उभ्याने जेवला. मग रंधा. कोवळी साल उतरावी तसा वरचा तपकिरी थर उतरला आणि आतून फिकट नारिंगी लाकूड निघालं. रंध्याच्या पहिल्या भुशाला सौनात अंगावर मारायच्या बर्चच्या पाल्याचा वास आला, जुन्या शनिवारांचा.

आठवड्याने जिन्याच्या दारावर चिठ्ठी लागली. 'रविवारी रंधा मारणाऱ्याने आधी स्वतःचं डोकं तासून घ्यावं. एक शेजारी.' काउकोने रविवार सोडला.

गिटारच्या दांडीसाठी बर्चचं लाकूड हवं होतं. ते त्याने पलंगाच्या बाजूच्या फळीतून काढलं. बायको कुओपियो शहराला निघून गेली त्याला जमाना झाला. एकट्याला एवढा रुंद पलंग कशाला? पण घाई नडली. सरस लवकर वाळावा म्हणून दांडी त्याने हीटरला टेकवून ठेवली आणि सकाळी बघतो तर तिचा स्की झालेला, टोक वर. शिव्या घालायलाही घरात कुणी नव्हतं. पलंगाची दुसरी बाजू काढावी लागली. पलंगाला बाजू दोनच असतात, तेव्हा या वेळी त्याने दांडी कपाटावर ठेवली आणि तिच्याकडे बघायचंच सोडलं. स्वतः जमिनीवर गादी टाकून झोपू लागला.

सगळ्यात जिवावर आलं ते पिकअपचं काम. तारेची थरथर पकडणारा तो लोहचुंबकाचा तुकडा. त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची, हजारो वेढे, ड्रिल मशीन हळू फिरवत. तार तुटली की पहिल्यापासून. एकदा तुटली तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "आता काय?" आणि स्वतःच दचकला. त्या आठवड्यात तोंडातून निघालेले तेवढेच दोन शब्द, दुकानातल्या पोरीला म्हटलेलं 'पिशवी नको' सोडलं तर.

बर्फ वितळायच्या सुमाराला खुंट्या बसल्या, पडदे बसले, चार जाड तारा चढल्या. जुन्या बाजारातून घेतलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली तर मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा घूंऽऽ आवाज. तारांवर हात ठेवला तरी तो थांबेना. दोन दिवस पुस्तक उलटंपालटं केल्यावर लक्षात आलं, तारा टेकतात त्या घोडीखाली अर्थिंगची तार घालायचीच राहिली होती. पुन्हा सगळं उघडलं, भोक पाडलं, तार ओवली, डाग दिला. आता हात उचलला की घूं, हात ठेवला की शांत. तो बराच वेळ हात उचलत आणि ठेवत बसला. त्याच्या मनात काव्यबिव्य काही आलं नाही. काम झालं, एवढंच आलं. आणि आता वर जायचं होतं.

भिंगातून जिना रिकामा दिसला तेव्हा तो निघाला. रजईच्या खोळीत गुंडाळलेली गिटार एका हातात, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या. बेल कोपराने दाबली. आतून पावलं आली. भिंग काळं झालं. दार साखळीएवढं उघडलं.

"पाणी गळतंय का?" औलिसने विचारलं.

"नाही."

"मग?"

"बेस आहे."

"काय आहे?"

"बेस गिटार. तुझ्यासाठी केलीय." काउकोने एका श्वासात संपवलं. "तूच म्हणाला होतास ना, नाचाच्या मांडवात वाजवायचो, घर घेताना विकली."

साखळीपलीकडे औलिसचा अर्धा चेहरा. "मी? अरे बाबा, राष्ट्रगीत संपलं हे मला बाकीचे खाली बसले की कळतं. वाजवायचा तो पेंत्ती."

जिन्यातला दिवा आपोआप विझला. काउको अंधारात म्हणाला, "बरं. मग येतो."

"थांब." साखळी निघाली. "कॉफी ठेवलीय. बूट काढ."

स्वयंपाकघरात दोघे समोरासमोर बसले. कॉफी, वेलचीचा पाव. औलिसच्या भुवईत एक जुना व्रण होता. काउकोने तो पहिल्यांदा पाहिला. पाहिला आणि नजर पावाकडे वळवली. कपडे अंगावर होते, दिवा लख्ख होता, जीभ टाळ्याला चिकटलेली.

अखेर औलिसच म्हणाला, "बायको कुओपियोला निघून गेली, ती कुणाची?"

"माझी."

"तुझी? इतकी वर्षं मी पेंत्तीची कीव करत आलो. चर्चमध्ये पुढच्या बाकावर ती बाई रडत होती, मला वाटलं मेल्यावर तरी आली म्हणायची. हातसुद्धा मिळवला नाही मी तिच्याशी."

"ती त्याची बहीण."

"आता कळलं."

काउकोने कप फिरवला. "आणि एकदा कुणीतरी म्हणालं होतं, बायको गेल्यापासून निजायच्या खोलीतला दिवा मालवलेलाच नाही. पेंत्ती ना?"

औलिसने पावाचा कण बोटाने टिपला. "नाही. तो मी." आणखी एक कण टिपून म्हणाला, "अजून मालवत नाही."

"हं," काउको म्हणाला.

औलिसने खोळ बाजूला सारून गिटारच्या धडावरून अंगठा फिरवला. मागच्या अंगाला एका जागी तपकिरी डाग मुद्दाम राखलेला होता. त्याचा अंगठा तिथेच थांबला. "हे लाकूड सौनाचं?"

"वरच्या पायरीचं."

"अरे गाढवा." औलिसने कप आदळला. "वसंतातल्या सभेत सौना परत उघडायचा ठराव आणणार होतो मी. फळ्या डब्यांपाशी बघितल्या, म्हटलं जपून ठेवू, सकाळी न्यायला गेलो तर वरची पायरी गायब. चोर तू होय. आता सौना उघडला तरी बसायचं काय तुझ्या डोक्यावर?"

"मला सांगायचं होतंस."

"कुठे सांगणार? सौना बंद."

मग काउकोने नाकातून हवा सोडली. ते त्याचं हसणं.

"आणि रविवारी रंधा मारणाराही तूच."

"चिठ्ठी तुझी?"

"माझी. कॉफी घे आणखी."

त्यांनी गिटार जोडली. औलिसने तारांवर पंजा ठेवला, शांत झालं, उचलला, पुन्हा घूं. मग जाड तार अंगठ्याने ओढली. टेबलावरचे चमचे किणकिणले. "छान आहे," तो म्हणाला. "मला काही उपयोग नाही. तूच शीक. आणि ठराव मी लिहून देतो, पण उभं राहून बोलायचं माझ्याने होत नाही."

"माझ्याने कुठे होतं?"

"तू बेल वाजवलीस की."

काउको गिटार परत घेऊन खाली आला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी दोघे लिफ्टमध्ये भेटले. औलिसने मान हलवली, काउकोने हलवली, तळमजला आला. शनिवारी काउको सोफ्यावर बसून एकाच तारेवर अंगठा मारत राहिला. आवाज एवढाच ठेवला की भिंतीपलीकडे जाऊ नये. बेल पुन्हा वाजवावी असं दोनदा वाटलं. पण कारण तर देऊन झालं होतं. दुसरं नव्हतं.

आता सभेला थोडे दिवस उरलेत. काउको रोज आरशासमोर वाक्य म्हणतो. 'अध्यक्षमहाराज, सौना आम्ही वापरत होतो.' एवढंच वाक्य आहे. 'आम्ही'पाशी त्याचा आवाज बसतो. फळ्या नव्या लागतील, त्या तो स्वतः करून देणार आहे, रंधा आता हाताला बसलाय. पण ते वाक्याच्या नंतर. आधी वाक्य निघालं पाहिजे, आणि मॅनेजरबाई झरझर वाचते, हातोडी चटकन पडते.

तुमच्या इमारतीतही सभा होत असेल. कधीतरी मागच्या खुर्चीवरून एखादा उठेल, घसा खाकरेल, अर्ध्या शब्दावर अडकेल आणि सगळे घड्याळाकडे बघू लागतील. त्या वेळी तुम्ही अध्यक्षाचा हात धरा, आणि त्या माणसाचं वाक्य पुरं होऊ द्या.