आईचा आडवा फोटो

अंबडच्या तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या त्या माणसाची मान कायम डावीकडे कललेली असते. बोलताना तो आपल्याकडे नाही, स्क्रीनकडे बघतो. प्रत्येक वाक्यानंतर "बराबर ना?" विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही.

वडील गेल्यावर आईच्या पेन्शनसाठी आम्ही तिसऱ्यांदा त्याच्याकडे गेलो. आईचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये सरळ दिसायचा, साइटवर चढवला की आडवा व्हायचा आणि अर्ज परत यायचा.

"फोटो बिलकुल सरळ हाय, सर. साइटच त्याला आडवा पाडून राह्यली. बराबर ना?"

"अहो, मोबाइल आडवा धरून काढा ना एकदा!" मी पहिल्या खेपेपासून हेच सांगत होतो.

"आडवा धरला की माझा हात हलतो, सर." मग तो आईकडे वळला. "मावशी, तुम्हीच बाकड्यावर आडव्या व्हा. साइट करती तुम्हाला उभं."

"मी न्हाई होत," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी फाईल उचलली, तेवढ्यात हा गृहस्थ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट फरशीवर कुशीवर झोपला. त्याच्याबरोबर आडवा झालेला मोबाइल डोळ्यांसमोर धरून खालूनच ओरडला, "मावशी, इकडं बघा! बराबर ना?"

फोटो सरळ चढला. त्यात आई पुढच्या पडलेल्या दाताची फट दाखवत हसते आहे. वडील गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहिलं ते विधवा पेन्शनच्या अर्जावर.