मधली तुकडी

भारती गेल्याची बातमी मला शुभदाने दिली आणि, खरं सांगते, रडू यायच्या आधी मला शुभदाचा राग आला. पनवेलजवळच्या कोन गावातल्या त्या घरात मी तिच्या लग्नापासून जाते-येते. तिची शाळेपासूनची मैत्रीण, त्या लग्नात करवली म्हणून मिरवलेली मी. आणि घरच्यांनी पहिला फोन कुणाला केला, तर तीन-चार वर्षांपूर्वी ओळख झालेल्या, खारघरच्या टॉवरमधल्या शुभदाला! भारतीची मुलगी तिच्याच इमारतीत राहते, म्हणून तिला आधी कळलं, हे मला नंतर समजलं. समजलं, पण पटलं नाही… आज दीड महिना झाला तरी नाही.

शुभदा वाईट बाई नाही. वाईट असती तर किती सोपं झालं असतं! बँकेतून निवृत्त झालेली, हसतमुख, कुणाच्याही मदतीला धावणारी. लेकीकडे गेलेल्या भारतीची तिच्याशी लिफ्टमध्येच गट्टी जमली, आणि मग भारतीच्या प्रत्येक वाक्यात ती यायला लागली. शुभदाला हे आवडतं, शुभदा असं म्हणते… मी नुसती हं हं करायची.

पनवेलमध्ये एक दिवस नुसतं खात हिंडायचं, ही कल्पना मुळात माझी. कितीदा म्हणून सुचवलं असेल! दर वेळी भारतीचं ठरलेलं उत्तर, "आन घरात जेवन कोन करल, तू?" गेल्या थंडीत शुभदाने हेच एकदा सहज म्हटलं, तर बाईसाहेब दुसऱ्याच दिवशी नवी साडी नेसून एसटी स्टँडवर हजर. मीही गेले. त्या दोघींना एकटं सोडणार होते की काय!

सुरुवात बाजारातल्या मिसळीने झाली. शुभदाची प्लेट येण्याआधी भारतीने मालकाला बजावलं, "तिखट कमी टाक, बाय नाजूक हाय." तिखटाने माझाही घसा धरतो, हे तिला शाळेपासून ठाऊक, पण माझ्याबद्दल चकार शब्द नाही. मग जुन्या मिठाईवाल्याकडची गरम जिलेबी, मग वडाळे तलावाच्या काठाने चालत उकडलेल्या शेंगा. भारती प्रत्येक दुकानात आत डोकावायची, "कढई कदी घासली होतीस रं?" असं विचारायची, आणि मालक रागवायच्या ऐवजी हसायचे. तिच्याबरोबर खाण्यातली मजा ही अशी होती. फक्त ती मला एकटीला हवी होती.

दुपारी उरण नाक्याजवळच्या एका आगरी खानावळीत आम्ही जिताडा माशाचं कालवण सांगितलं. पातेलं टेबलावर आलं. वाढणाऱ्याच्या हातातली पळी भारतीने काढून घेतली आणि मधली जाडजूड तुकडी शुभदाच्या ताटात घातली. माझ्या ताटात डोकं! मग मात्र मला राहवलं नाही.

"दर वेळी तिलाच का गं चांगली तुकडी?"

भारती भाकरी मोडत म्हणाली, "ती पाव्हनी हाय. आमच्यात मधली तुकडी पाव्हन्यांना, डोकं घरच्यांना. तू कवापासून पाव्हनी झालीस गो?"

"म्हणजे मी अजून गेस्टच का?" शुभदा हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही. घरची म्हणून उरलंसुरलं खायचं, हा कुठला मान, असं मनात म्हणत मी ते डोकं चोखत बसले. संध्याकाळी फालुदा खातानाही मी घुश्श्यातच होते. मला वाटत होतं, पुढच्या वेळी आपण दोघीच येऊ. पुढची वेळ आलीच नाही… भारतीचं हृदय झोपेतच थांबलं.

परवा तिच्या सुनेने, प्रणालीने, शुभदाला आणि मला कोनला जेवायला बोलावलं. सुतक संपून घरात पुन्हा मासळी शिजायला लागली होती. प्रणालीने सासूसारखीच पाहुण्यांपासून वाढायला सुरुवात केली. शुभदाला मधली तुकडी वाढली. मग माझ्याकडे वळली आणि तितकीच जाड, मधलीच तुकडी माझ्याही ताटात घातली. "मावशी, सावकाश जेवा. लाजू नका."

"अरे वा, आज तुम्हालाही!" शुभदा म्हणाली. बिचारीला माझ्यासाठी खरंच आनंद झाला होता.

समोर भारतीची जाऊ बसली होती, भारतीशी जिचं जन्मभर पटलं नाही ती. प्रणालीने काही न विचारता तिच्या ताटात डोकं घातलं, आणि तीही सवयीने ते फोडायला लागली. इतकी वर्षं मी शुभदावर जळले, पण असा जीव कधी जळला नव्हता. माझी तुकडी तशीच ठेवून मी त्या बाईच्या ताटाकडे बघत राहिले.