पान चौतीस

कुलूप लागलं तेव्हा आवाज फारसा झाला नाही. ती तुरुंगात मुलाखतीच्या दारावर गार्ड होती. एक कैदी बायकोला भेटून परत येत होता. बायको त्याला काय सुनावून गेली होती देव जाणे; त्याने कमरेला खोचलेला मोजा काढला, मोज्यात त्याच्याच पेटीचं पितळी कुलूप होतं, आणि समोर जे पहिलं तोंड दिसलं त्यावर तो फिरवून हाणला. तिच्या जबड्याचे तीन तुकडे झाले. चार दात फरशीवर पडले. तीन सापडले.

सहा आठवडे जबडा तारेने बांधलेला. त्या काळात ती पाटीवर लिहून बोलायची, आणि तिथेच सगळ्यांच्या लक्षात आलं की बाई नीट लिहिते. कमी शब्दांत, मुद्द्याचं. ती कामावर परतली तेव्हा साहेबांनी तिला दारावर उभं केलं नाही. वरच्या मजल्यावर ट्रेनिंगची खोली होती. तिथे टेबल, कॉम्प्युटर आणि प्रिंटर देऊन तिला बसवलं. काम एकच: पॅनेलचं पुस्तक.

पॅनेल म्हणजे काचेच्या खोलीतला तो मोठा स्क्रीन. तुरुंगाचे सगळे बासष्ट दरवाजे त्यावरून उघडायचे आणि मिटायचे. कुठलं बटण कुठे, कुठल्या क्रमाने दाबायचं, हे चित्रांसह सांगणारं एकेचाळीस पानांचं पुस्तक तिने बनवलं. गार्ड लोक तिला पुस्तकबाई म्हणू लागले. तिचा धाकटा भाऊही तिथेच गार्ड होता, जेवणाच्या हॉलवर. तो मात्र ताईच म्हणायचा.

"ताई, तोंड वाकडं झालं ते एका अर्थी बरं झालं," तो म्हणायचा. "आता वर्गात कोणी तुझ्याकडे बघून हसायची हिंमत करत नाही."

"तू हसतोस की."

"मी घरचा आहे. मला परवाना आहे."

तिचे वर्ग खरोखरच कडक असत. सगळ्यात कडक तास पान चौतीसचा. त्या पानावर होतं 'सगळं बंद'. ते बटण दाबलं की स्क्रीन विचारायचा, खात्री आहे का? उजवीकडे हिरवं 'होय', डावीकडे 'नाही'. 'होय' दाबलं की सायरन, आणि बासष्टच्या बासष्ट दरवाजे एका दमात बंद. मारामारी पेटली की जो माणूस पॅनेलवर बसलेला असतो त्याने कॅमेऱ्यावरून नजर काढायची नाही, कारण नजर काढली त्या क्षणात कोणाच्या हातात काय आलं ते दिसत नाही. म्हणून ती पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन स्क्रीनच्या खालच्या भागावर धरायची आणि म्हणायची, "डोळे कॅमेऱ्यावर, हात उजवीकडे. दाबा." शंभर वेळा. ज्याचे डोळे खाली वळले त्याला पहिल्यापासून शंभर. सहा वर्षांत तिने नव्वद जणांचे हात असे वळवले होते.

मग कंपनीने नवीन व्हर्जन पाठवलं.

तिने सरावाची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उघडली आणि कपाळाला हात लावला. जुन्या स्क्रीनवर लाल, हिरवे, पिवळे ठसठशीत चौकोन होते. नव्यात सगळं राखाडी, गोल कोपऱ्यांचं, हॉटेलच्या लिफ्टसारखं. दरवाज्यांचा नकाशा फिरलेला. दक्षिणेकडची बराक वर गेलेली. ती रोज दोन-तीन पानं घ्यायची: जुनं चित्र काढ, नवं लाव, खालचे बाण सरकव, बाणांखालचं वाक्य बदल. वाक्यं विसरली की घोटाळा, हे तिला पक्कं माहीत होतं. चित्र नवं आणि मजकूर जुना असं पुस्तक काही नसल्यापेक्षा वाईट. सोळा दिवसांत चाळीस पानं झाली.

चौतिसावं राहिलं.

सरावाच्या प्रतीत 'सगळं बंद' दाबलं की राखाडी पाटी यायची: ही सोय सरावासाठी उपलब्ध नाही. म्हणजे पुढचे स्क्रीन, खात्री विचारणारा आणि दरवाजे बंद झाल्यावरचा, दिसतच नव्हते. ते फक्त खऱ्या पॅनेलवर, खरं बटण दाबल्यावर दिसणार. सहा वर्षांपूर्वी हा प्रश्न आला नव्हता. पॅनेल बसवणाऱ्या माणसाने, इमारत नवी आणि कोठड्या रिकाम्या असतानाच, हवं तेवढं दाबून चित्रं काढून ठेवली होती.

तिने कंपनीला फोन लावला. फोनवरचा इंजिनियर घाईत होता.

"मॅडम, त्या भागात काही बदल नाही. फक्त रंग."

"तुम्ही स्वतः बघितलंय?"

"माझ्याकडे तो मॉड्युल नाही. पण यादीत नाही, म्हणजे बदल नाही."

ती साहेबांकडे गेली. उभ्यानेच म्हणाली, "साहेब, मला दहा सेकंद 'सगळं बंद' हवंय. गिनतीच्या वेळी करू. सगळे कोठडीत असतील, कोणाला लागणार नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गेल्या वर्षी काय झालं आठवतं ना?"

आठवत होतं. गेल्या वर्षी सराव म्हणून बटण दाबलं होतं. धुलाईच्या खोलीत एका कैद्याचा हात दाराच्या फटीत होता. दोन बोटं या बाजूला पडली, माणूस त्या बाजूला राहिला. तासाभरात गाद्या पेटल्या, एका गार्डच्या मांडीत चमच्याचा दांडा घुसला आणि वीस जणांना टाके पडले.

"आणि एकदा दाबलं की, पुढे 'नाही' म्हटलं तरी, थेट वर रिपोर्ट जातो," साहेब म्हणाले. "एका फोटोसाठी मी वरच्यांना काय सांगू, बाई?"

"पुस्तकासाठी, साहेब."

"कंपनी म्हणते बदल नाही. मग जुनं चित्र लावा."

तिने लावलं नाही. पान चौतीसवर तिने कोरी चौकट ठेवली आणि आत लिहिलं: या स्क्रीनचं चित्र मिळालेलं नाही. प्रत्यक्ष वाचून मगच दाबा. पुस्तक सहीला गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. त्या चौकटीवर साहेबांनी लाल रेघ मारली होती: अपुरं पुस्तक वाटता येणार नाही. पूर्ण करा.

ती अर्धा तास त्या रेघेकडे बघत बसली. मग जुनं चित्र लावलं आणि आपली दोन वाक्यं पुसली. पुसताना तिच्या जबड्यात जुनी कळ आली. थंडीत आणि चुकीच्या वेळी यायची तशी.

नऊ दिवस काही झालं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या रांगेत एकाने दुसऱ्याच्या ताटात थुंकलं. ती ट्रेनिंगच्या खोलीत होती, टेबलावर वायरलेस सुरू होता. आधी नुसता गलका आला, मग धाकट्याचा आवाज: "हॉलमध्ये मारामारी. बारा जण. मी आत जातोय."

ताटाने ताटावर मारल्यासारखा आवाज झाला. मग ताटाने माणसावर मारल्यासारखा.

ती सायरनची वाट बघत होती. वायरलेसवर असं काही आलं की तिच्या मनात आपोआप आकडे सुरू व्हायचे. तीनपर्यंत पॅनेलवाल्याने बटण दाबायचं, पाचपर्यंत सायरन. ती दहापर्यंत आली. पंधरापर्यंत आली. सायरन नव्हता. धाकट्याचा आवाजही नव्हता.

ती धावली. जिना, कॉरिडॉर, काचेची खोली. पॅनेलवर सगळे ज्याला चष्मा म्हणायचे तो बसला होता. जाड भिंगांचा, धिप्पाड गार्ड. तिच्या वर्गातला सगळ्यात पक्का हात. त्याचे डोळे कॅमेऱ्यावर खिळलेले, एक हात बटणावर आणि शर्ट पाठीला चिकटलेला.

"दाबतोय, बाई. लागतच नाही. तीनदा दाबलं."

कॅमेऱ्यात हॉल दिसत होता. हॉलचं दुसऱ्या बराकीकडचं दार सताड उघडं आणि त्यातून माणसं आत येत होती. बारा होते ते आता साठ झाले होते. एकाने ताट दुमडून त्याची धार केली होती. मधे जमिनीवर निळा गणवेश होता. एक माणूस त्यावर उभा राहून टाचेने मारत होता, अगदी मन लावून, जसा कोणी जमिनीत खुंटा ठोकतो. तो धाकटा होता. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू लाल होती आणि तिथे चेहऱ्यासारखं काही राहिलं नव्हतं.

तिचे डोळे तिथेच अडकले. डोळे कॅमेऱ्यावर. हे तिनेच शिकवलं होतं, आणि तिला स्वतःलाही ते मोडता येईना. टाच उचलली गेली, खाली आली. परत उचलली गेली.

तिने मान हिसडून खाली बघितलं.

स्क्रीनवर दोन राखाडी बटणं होती. उजवीकडे: 'रद्द करा'. डावीकडे: 'बंद करा'. आणि खाली बारीक अक्षरांत: रद्द केल्यास पुढील पंधरा सेकंद ही सोय थांबेल. चष्म्याच्या हाताने तीनदा बिनचूक उजवीकडे दाबलं होतं. पुस्तकात होतं तसं.

ती चौथी खेप होती. चष्म्याचा अंगठा पुन्हा उजवीकडे निघाला होता. तिने त्याच्या मनगटावर हात मारला, इतक्या जोरात की त्याचं घड्याळ तुटून पडलं, आणि डावीकडे दाबलं.

सायरन. दरवाजे. दुसऱ्या बराकीचं दार दोघांच्या अंगावर आदळलं. एकाची किंकाळी काचेपलीकडूनही ऐकू आली. आत आता मोजके राहिले, आणि मागच्या दाराने ढाली घेतलेली तुकडी घुसली. काठ्या चालल्या. टाचवाल्याच्या गुडघ्यावर पहिली बसली, मग तो उभा राहू शकला नाही.

स्क्रीनवर 'सगळं बंद'चा नवा स्क्रीन आला होता, खाली तीच दोन बटणं अजून तशीच. कोपऱ्यात कॅमेऱ्याची छोटी चौकट, आणि चौकटीत निळा गणवेश पडलेला. तिने खिशातून फोन काढला आणि फोटो घेतला.

चष्मा तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, तो तुमचा भाऊ आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिला तिथेच टेबलाच्या कडेवर ओकारी झाली.

धाकट्याचा डावा डोळा गेला. चार बरगड्या, एक मनगट. अकराव्या दिवशी तो नीट बोलू लागला. ती पलंगाशेजारी बसली होती. तिने फळ कापलं होतं, पण त्याला द्यायची हिंमत होत नव्हती.

"चष्मा येऊन रडून गेला," तो म्हणाला. "म्हणे पुस्तक चुकलं होतं."

"चुकलं होतं."

"तुला माहीत होतं?"

"शंका होती. लिहिली होती त्या पानावर. मग पुसली."

"साहेबांनी सांगितलं?"

"त्यांनी सांगितलं. पुसलं मी."

त्याने तोंड छताकडे वळवलं. उरलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ते दुखण्याचं की कशाचं, तिने विचारलं नाही.

"एक शिवी देऊ?" तो शेवटी म्हणाला.

"दे."

त्याने दिली. घरात कोणी कधी तोंडी आणली नव्हती अशी. तिने ती ऐकून घेतली. मग त्याने उजवा हात पुढे केला. "फोटो काढलास म्हणे. दाखव."

तिने दाखवला. तो फोन डोळ्याशी धरून बघत बसला.

"हा कोपऱ्यातला मी?"

"हो. कापून टाकते. मला फक्त बटणं हवीत."

"कापू नको," तो म्हणाला. "बघू दे त्यांना, उजवीकडे दाबलं की काय होतं ते. फळ दे इकडे, काळं पडतंय."

तो फोटो पान चौतीसवर लागला. या वेळी सहीला गेलेलं पुस्तक लाल रेघेशिवाय परत आलं. तिच्या वर्गातला पुठ्ठा कचऱ्यात गेला. आता ती प्रत्येकाला बटणावरचा शब्द मोठ्याने वाचायला लावायची, आणि वाचल्याशिवाय दाबलं तर पट्टीने बोटांवर मारायची. वय न बघता. चष्म्याने सगळ्यात जास्त पट्ट्या खाल्ल्या आणि एकदाही हात मागे घेतला नाही.

आठ महिन्यांनी कंपनीचा मेल आला: नवीन व्हर्जन, किरकोळ बदल. धाकटा आता तिच्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर बसायचा, काळी पट्टी लावून. त्याने मेल वाचला. "म्हणजे मी निवृत्त झालो का पुस्तकातून?"

"बघू," म्हणून ती खाली गेली.

साहेबांच्या दारात तिने तोंड उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कधी हवंय?"

"उद्या, गिनतीच्या वेळी. दहा सेकंद."

दुसऱ्या दिवशी सगळे कोठडीत होते. प्रत्येक दारावर एकेक गार्ड उभा राहून फटी तपासून गेला. धुलाईच्या खोलीत दोघे. साहेब स्वतः काचेच्या खोलीत आले. तिने शब्द मोठ्याने वाचला आणि दाबलं. सायरनने भिंती हादरल्या. चारशे माणसं एकदम गजांवर तुटून पडली. लाथा, ताटं, डोकी, जे हाताला लागेल ते. कोणाच्या कपाळातून रक्त आलं ते कॅमेऱ्यात दिसलं. कोणीतरी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं, नाव घेऊन, पुस्तकबाई म्हणूनच. तिने फोन धरला, फोटो घेतला, आणि साहेबांनी पॅनेल पूर्ववत करायला सांगितलं.

गलका ओसरायला वीस मिनिटं लागली. साहेबांच्या कपाळावर घाम होता. वरून फोन येऊ लागला होता.

"आलं का चित्र?"

तिने फोनकडे बघितलं. अंगठ्यांनी ते मोठं केलं. भिंती हादरल्या तेव्हा फोनही हलला होता. डावीकडच्या बटणावरचं अक्षर पुसट आलं होतं. अंदाजाने लागत होतं, वाचता येत नव्हतं.

"हललंय, साहेब."

टेबलावरचा फोन वाजत होता. खाली कोठड्यांमध्ये कोणीतरी अजून एकच ताट आपटत होतं, सावकाश, एका लयीत.

साहेबांनी वाजणारा फोन उचलून बाजूला ठेवला.

"परत दाबा," ते म्हणाले.