कानबाईचा नाच एसी हॉलमध्ये

लोक मला समाजसेविका म्हणतात. मला त्या शब्दाची शिसारी येते. मी नाच शिकवते. गोडादऱ्यात, खानदेशातून कामाला आलेल्यांच्या वस्तीत, लूम्सचं एक बंद पडलेलं खातं, म्हणजे यंत्रमागांची शेड, आहे, त्याच्या मालकाने संध्याकाळपुरती जागा वापरायला दिली आहे. फरशीत इतकं तेल मुरलंय की सोडा टाकून घासलं तरी पोरांचे तळवे काळेच होतात. आईबाप पाळीवर गेले की ही पोरं मोकळी. कुणी दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवून मान आखडून येतं, कुणी गुटख्याच्या टपरीवरून. आधी भरपूर नाचायचं, मग गोल करून बसायचं, ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं. तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं, एवढा एकच नियम मी लावला आहे.

माझ्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी होती. तिला आई नव्हती. बाप पांडेसऱ्यात डाइंगच्या मिलमध्ये कामाला. तो पूर्वी प्यायचा हे तिनेच गोलात सांगितलं होतं, आणि त्याने सोडली तेव्हा शेंगदाण्याची चिक्की आणून सगळ्यांना वाटलीही होती. पण पोरगी मोठी झाली, आता तिला धुळ्याकडे आजीच्या गावी धाडावं, असं त्याच्या मनात घोळत होतं. गावी गेली की शाळा सुटणार आणि लगोलग स्थळं यायला लागणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. तिने इथे राहावं म्हणून मी त्याच्या घरी खेपा घातल्या. नाच म्हणजे वरातीतला धिंगाणा, एवढंच त्याच्या डोक्यात. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "एक डाव देखस. मंग सांगस."

म्हणून मी कानबाईचा नाच बसवला. कानबाई ही खानदेशी घरांची देवी. श्रावणात रविवारी ती बसते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर निघते, आणि तिच्यापुढे सासू, सून, लेक सगळ्या नाचतात. त्या नाचाला कुणी नावं ठेवत नाही. ही मुलगी नाचायला शिकली तीच मुळी त्या मिरवणुकीत.

साड्यांच्या व्यापाऱ्यांचं एक मंडळ वस्तीतल्या मुलांसाठी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम करतं. त्यांनी आम्हाला बोलावलं. आधी त्यांची एक बाई तालमीला समोसे घेऊन आली. तिने पोरींच्या केसांवरून हात फिरवला, लगेच हाताला सॅनिटायझर लावला, आणि मी स्पीकरच्या वायरी जोडत होते तेवढ्यात एकेकीला कोपऱ्यात नेऊन विचारलं, "घर में कौन मारता है, बेटा?" मला हे फार उशिरा कळलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे ऐकून होते. ती सोबत चटणीच्या पुड्या घेऊन येतात हे माहीत नव्हतं.

कार्यक्रमाला बाप आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, नखांत मिलचा जांभळा रंग. हॉलच्या दाराशी त्याने चपला काढल्या आणि भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. "राहू द्या हो, इथे चालतं," मी म्हटलं.

"कानबाईना नाच शे ना?" तो म्हणाला, आणि त्या गारढोण फरशीवरून अनवाणी जाऊन मागच्या रांगेत बसला. मला वाटलं, जिंकलं.

मुली स्टेजवर उभ्या राहिल्या. गाणं सुरू होण्याआधी निवेदिका माइक घेऊन आली. तीच समोसेवाली. त्या चौदा वर्षांच्या मुलीला खांद्याला धरून तिने पुढे ओढलं. "इस बच्ची की माँ नहीं है. बाप शराब पीकर पड़ा रहता है. बोलो बेटा, सबको बताओ."

मुलगी बोट दाखवून म्हणाली, "अब नहीं पीते. वो बैठे हैं."

बापाला वाचवायला बोलली बिचारी. निवेदिकेचा चेहरा मात्र घबाड मिळाल्यासारखा फुलला. तिने त्याला वर बोलावलं, सगळ्यांसमोर कान पकडायला लावून शपथ घ्यायला लावली. आणि मग तिची नजर खाली गेली. "देखिए! इनके पैरों में चप्पल तक नहीं!"

हॉल हळहळला. पहिल्या रांगेतला एक शेठ उठला, स्टेजवर गेला, स्वतःचे सँडल काढून त्याने बापापुढे ठेवले. "पहेरी लो, भाई, पहेरी लो." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बायका डोळे टिपत होत्या. बाप पुटपुटला, "कानबाईना नाच..." पुढचं टाळ्यांत बुडालं. "इमोशनल हो गए," निवेदिका म्हणाली. मी माइक हिसकावून ओरडले की त्या माणसाच्या चपला दाराशी आहेत, पण साउंडवाल्याने तो कधीच बंद केला होता. फोटो निघाले आणि शेठने आपले सँडल परत आपल्या पायात घातले.

त्यानंतर मुली नाचल्या. ताल कुठेही चुकला नाही. ती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मान खाली घालून नाचली.

बाहेर बापाने चपला घातल्या. "नाच चांगला व्हता, ताई," तो म्हणाला. "पन पोरनी मान खाले गई. आते गावच बरं."

मी हात जोडले, भांडले. या हलकटांची शिक्षा पोरीला का, म्हणून विचारलं. तो चालायला लागला. पोरगी माझ्याकडे न बघता त्याच्या मागे गेली. आठवड्यात ती गावी पोचलीही.

पुढच्या तालमीला पहिल्या रांगेत मधली जागा रिकामी होती. कोण उभं राहील, मी विचारलं. सगळ्यांत लहान मुलीने हात वर केला. तिचं कौतुक करावं म्हणून मी वाकले, तर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, मला घ्या ना पुढे. माझ्या घरचं तिच्यापेक्षा वाईट आहे. मी रडून सांगीन."