कामरगावच्या चढावरचा तिसरा ठोका

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, पिंपळाखालचा म्हातारा... बायकोला वाचून दाखवतो आणि त्यावर आमचा संध्याकाळचा चहा होतो. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती माझ्यावर हसतेय. हसू दे. पाळी प्रत्येकाची येते.

मी वायरमन. घरातल्या लाईटचा नाही, गाड्यांचा. सेल्फ, डायनॅमो, बॅटरी, वायरिंग. सुप्यात नगर-पुणे रोडला माझं छोटं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात भूत एकच, ते म्हणजे लूज कनेक्शन. बाकी सगळं मीटरवर दिसतं आणि जे मीटरवर दिसत नाही ते नसतं, असं मी मानत आलो.

हे शिकवलं अण्णांनी. अण्णा माझे उस्ताद. त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढली, तेव्हा कुठे स्वतःचं शटर उघडलं. कुणी बॉनेटला लिंबू-मिरची बांधून गाडी आणली की ते म्हणायचे, "लिंबानं बॅटरी चार्ज हुत असती तर मी बाग लावली असती." असा माणूस.

त्यांची एक सवय सांगणं गरजेचं आहे. डायनॅमो (शोरूमवाले अल्टरनेटर म्हणतात, वस्तू तीच) चार्ज करेनासा झाला की बऱ्याचदा आतले कार्बनचे ब्रश अडकलेले असतात. बाहेरून हलकं ठोकलं की कधीकधी ते सुटतात आणि गाडी घरापर्यंत जाते. अण्णा त्यासाठी त्यांचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचे. मुठीच्या टोकाला पितळी टोपी, आणि तिचा एक कोपरा उडालेला. दोन ठोके लगोलग मारायचे. मग थांबून, मान तिरकी करून ऐकायचे. मग तिसरा. टक-टक... टक. आणि गाडी चालू लागली की गिऱ्हाईकाला बजावायचे, "ठोका फकस्त पोचवायला असतोय. पोचलास की बदलून घे."

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. स्क्रूड्रायव्हर तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, माझ्या हातात दिला. तो गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. मी वापरत नव्हतो... का कोण जाणे, हात जायचा नाही.

माईंच्या किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार नगरला डायलिसिस. एक खेप चुकली तरी अंगात पाणी साचतं आणि श्वास लागतो. मुलगी जयश्री घरी ब्लाउज शिवते आणि अण्णांचीच जुनी डिझेल एसयूव्ही चालवत आईला नेते-आणते. गाडी तशी दणकट आहे. पण ती पूर्वीच्या जीपसारखी नाही. जीप एकदा चालू झाली की बॅटरी काढून फेकली तरी पळायची. हिला करंट मिळाला नाही तर इंजिनच बंद पडतं.

यंदा उन्हाळ्यात एका शुक्रवारी नगरहून परत येताना जयश्री गॅरेजवर थांबली. माई मागच्या सीटवर झोपल्या होत्या.

"दादा, कामरगावचा चढ आला की बॅटरीचा दिवा लागतोय. आणि मग पुढून ठोकल्यासारखा आवाज येतो. तीनदा. की दिवा बंद."

मी हसलो. मीटर लावला, १४.२ व्होल्ट. एकदम निरोगी. म्हटलं, बिनधास्त जा. पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली, मी पुन्हा मीटर लावला, पुन्हा १४.२. पुन्हा पाठवून दिली. ही माझी चूक. न उघडता, नुसत्या आकड्यावर विसंबून गाडी पाठवायची नाही हे अण्णांनी मला शंभरदा सांगितलं असेल. पण बावीस वर्षं झाली की माणसाला वाटतं आपल्याला वरूनच कळतं.

तिसऱ्या वेळी जयश्री म्हणाली, "तुम्ही एकदा सोबत चला." म्हणून शुक्रवारी सकाळी सातला मी पुढच्या सीटवर बसलो. लायटरच्या सॉकेटला छोटा मीटर खोचला. उजेड स्वच्छ होता, ट्रक नेहमीसारखे अंगावर येत होते. भिण्यासारखं काही नव्हतं.

चढ लागला आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. मीटर १४.२ वरून १२.३. मग १२. मग ११.७. एसी बंद करायला लावला तरी आकडा उतरतच होता. मी म्हटलं, साइडला घे.

टक-टक...

अंगावर काटा आला, कारण पुढचा ठोका कधी येणार हे मला माहीत होतं. बरोब्बर तेवढंच थांबून तो आला. टक. दिवा विझला. मीटर १४.२.

मागून माई म्हणाल्या, "झालं. चल आता." डोळे मिटलेलेच. जणू रोजचंच.

मी तरी उतरलो, बॉनेट उघडलं. बेल्ट नीट फिरत होता. सुटलेलं, हलणारं काही नाही. वाजेल असंही काही नाही.

येताना मी सांगितलं, डायनॅमो बदलायचा. जयश्री लगेच हो म्हणाली. माई मात्र मागून पुढे वाकल्या.

"राहू दे ना रे संजू. चाललंय ना?"

"माई, गाडी मध्येच बंद पडली तर?"

"न्हाई पडायची," त्या म्हणाल्या. "हे हायेत की."

मला गलबलून आलं आणि थोडा रागही आला. माईंच्या जिवाचा प्रश्न, आणि आपण काय ठोक्यांवर भरवसा ठेवायचा? मी ऐकलं नाही. शनिवारी जुना डायनॅमो काढला आणि नवा बसवला.

जुना बाकावर घेऊन उघडला. दोन्ही ब्रश झिजून संपले होते. अडकलेले नव्हते, संपले होते. नुसत्या स्प्रिंगा घासत होत्या आणि त्यांनी ब्रश ज्यावर टेकतात त्या रिंगेला खोल चर पाडले होते. असा डायनॅमो एक व्होल्टही चार्ज करू शकत नाही. पुन्हा जोडून मशीनवर फिरवला तर शून्य. मी स्वतः ठोकून पाहिलं, दहादा, वीसदा. शून्य. मग काल सकाळचे ते १४.२ कुठून आले?

आणि मग कडेला बघितलं. इंजिनाकडच्या बाजूला अॅल्युमिनियमवर ताजे, चकचकीत खड्डे होते. अर्धचंद्रासारखे, प्रत्येकाचा एक कोपरा तुटका. डायनॅमो बसवलेला असताना त्या बाजूला करंगळीही शिरत नाही. मी भिंतीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि पितळी टोपी एका खड्ड्यावर टेकवली. तंतोतंत बसली. मी शटर ओढून घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, ताप आलाय.

सोमवारी गाडी नगरला जाऊन आली. दिवा लागला नाही, आवाज नाही. मला वाटलं, सुटलो. बुधवारी सकाळी जयश्रीचा फोन आला. आवाज रडवेला. "आई येत नाही म्हणतेय. बास झालं म्हणतेय."

मी गाडी मारत गेलो. माई ओट्यावर बसल्या होत्या, पाय सुजलेले.

"मला आता न्हाई जायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या सुयांचा लई कंटाळा आला रे. उन्हाळ्याच्या तोंडालाच ठरवलं हुतं, बास करायचं. शेवटची खेप म्हणून निघाले, तर कामरगावला ठोका आला. म्हनलं, हे म्हणत्यात चल, तर चलावं. परवा काय वाजलं न्हाई. आता कोन म्हणतंय चल?"

जयश्री दारात उभी होती. मी बायको-पोरं असलेला बाप्या माणूस, पण त्या ओट्यावर मी पुन्हा अण्णांच्या हाताखालचा पोरगा झालो होतो, आणि माझ्या हातून काम बिघडलं होतं. शेवटी अण्णांचंच वाक्य बोललो.

"माई, अण्णा काय म्हणायचे? ठोका फक्त पोचवायला असतो. पोचलं की बदलून घ्यायचं. त्यांनी माझ्यापर्यंत पोचवलं. मी दोनदा परत पाठवलं, तरी पोचवलं."

माई म्हणाल्या, "पर मी कुठं पोचलेय अजून?"

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी टेकलो. मग त्यांनीच विचारलं, "त्यांचा तो पेचकस हाय का तुझ्याकडं?"

माई गाडीत बसल्या. वाटेत गॅरेजवर थांबून मी तो स्क्रूड्रायव्हर बाकावरून उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. आणि मीही गाडीत बसलो. मीटर खोचला. चढ लागला. दिवा लागला नाही, मीटर १४.२. माईंनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि दाराच्या कडीवर मारला. टक-टक. मग थांबल्या. मान तिरकी केली, अगदी अण्णांसारखी. मी मागे वळून त्यांच्या हाताकडेच बघत होतो. हात मांडीवर होता.

तिसरा ठोका पुढून आला. बॉनेटमधून.

जयश्रीने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे नाही. मागून माई म्हणाल्या, "चल."

त्यानंतर मी ती गाडी तीनदा उघडलीय. बेल्ट, बेअरिंग, माउंटिंगचे बोल्ट, एकेक वायर. नवा डायनॅमो काढून त्याची कडाही तपासली. एकसुद्धा खड्डा नाही. कारण मला सापडलेलं नाही, आणि कुणा जाणकाराला ठाऊक असेल तर त्याने जरूर लिहावं, मी वाचेन. माई मात्र एकही खेप चुकवत नाहीत. आणि मी हल्ली कोणतीही गाडी न उघडता परत पाठवत नाही. इतकं करूनही सांगतो... त्या गाडीत मला लूज कनेक्शन कुठेच मिळालं नाही.