तीन नळ्यांचं चाडं

आमच्या मोठ्या गुरुजींना बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी सात वर्षं छातीठोकपणे सांगत आले. दिग्रसहून बसने पाऊण तासावरची आमची दोन शिक्षकी शाळा; पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकी त्यांच्याकडे. मुख्याध्यापकाची म्हणून एक खुर्ची होती, पण तिच्यावर पहिल्या दिवसापासून मी पाण्याचा माठच पाहिला. हजेरी ते चालता चालता घेत, आणि 'हजर' म्हणणाऱ्या पोराने जागच्या जागी एक उडी मारायची असा नियम होता. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. गुरुजींनी दप्तर काखेत मारलं आणि "या न साहेब, चालता चालता पाहू" म्हणून त्यांना मैदानात नेलं. पाचव्या फेरीला साहेबांनी न वाचताच शेरा लिहिला: 'शाळेत उत्साह भरपूर.' माझा डबासुद्धा मी त्यांच्यासमोर धड बसून खाल्ला नाही. ते येरझारा घालणार आणि आपण मांडी घालून बसणार, म्हणजे उगाच चोरी करत असल्यासारखं वाटायचं.

या सगळ्या धावपळीचं मूळ एकच होतं, पोरांचं हृदय. पाठ्यपुस्तकातला दोन पानांचा धडा या माणसाने वर्षभर पुरवला. "आपली मूठ आवळा. एवढंच आपलं हृदय," असं ते सांगत, आणि मग जो कोणी मूठ उगारेल त्याला विचारत, "काहून रे, काळजानं मारतं काय त्याले?" आमच्या शाळेतल्या मारामाऱ्या त्यामुळे कमी झाल्या, पोरं चिमटे काढू लागली, ते वेगळं. शाळेसमोरच्या दुकानदाराच्या मागे लागून लागून त्यांनी त्याच्या दारातल्या चटकदार पुड्यांच्या माळा आत टांगायला लावल्या आणि पुढे फुटाणे-शेंगदाण्यांच्या बरण्या आल्या. गृहपाठ तर विचारूच नका. 'घरातला मिठाचा डबा एक फळी वर ठेवणे' हा तिसरीचा गृहपाठ होता, म्हणजे ज्याला वरून मीठ पाहिजे त्याने उठून, टाचा उंचावून घ्यावं. दुसऱ्याच दिवशी एक आजीबाई काठी आपटत शाळेत हजर. "गुर्जी, तुमी पोराले शिकवता का मले? तुरीच्या शेंगा अळणी खाऊ का मी आता?" गुरुजी म्हणाले, "खाऊन तं पाहा न आजी. आन् मीठ घ्याले उठल्या तं तेवढाच व्यायाम!" आजींनी त्यांना दोन शिव्या दिल्या, पण डबा वरच राहिला म्हणे. माझ्या डब्यातल्या लोणच्यावरही चौथीच्या दोन पोरी रोज नजर ठेवून असत. मी भिंतीकडे तोंड करून जेवायला शिकले ते तेव्हाच.

खर्रा सोडवण्याची त्यांची रीत मात्र खरोखर त्यांचीच. आमच्याकडे आजोबा म्हटला की खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा आलाच. गुरुजींनी पोरांना बजावलं होतं, "हिसकाचा नाही, रडाचं नाही, भाषण देयाचं नाही. नुसतं समोर उभं राहून पाहाचं. तोंडातून एक शबद नाही." आणि पोरं पाहत. आजोबाने पुडी काढली की नातू समोर येऊन उभा. आजोबा वळला की नातूही वळे. घोटायला घ्यावं तर ते दोन डोळे समोर. एका आजोबांनी मला बसस्टॉपवर हात जोडले, "मॅडम, पोट्ट्याले म्हना शिव्या दे, पन असा पाहू नोको." महिन्याभरात त्यांनी पुडी सोडली.

आणि चाडं! पेरताना तिफणीत बी सोडायचं ते लाकडी चाडं, वाटीसारखं, खाली तीन भोकं. गुरुजींच्या घरी ट्रॅक्टर आल्यापासून ते माळ्यावर पडून होतं. त्यांनी भोकांना ठिबकच्या नळीचे तीन तुकडे जोडले आणि ते शाळेत आणलं. चाड्याचं तोंड एकाच्या छातीला लावायचं, तीन नळ्या तिघांच्या कानाला, आणि ऐकू येईल तो ठोका तिघांनी बोटाने फरशीवर वाजवायचा. "डॉक्टरजवळ एकाच जनाले आयकू येते. आपल्याजवळ तिघाले!" हे ते इतक्या अभिमानाने सांगत की मला हसू दाबावं लागे. दर शनिवारी हा कार्यक्रम. नियम एकच: ऐकलं ते खरं सांगायचं, आणि शंका आली तर त्या माणसाने दवाखान्यात जायचं, सबब नाही.

एवढं हे वेड कशापायी, असं मी एकदा विचारलं होतं. ते व्हरांड्यात फेऱ्या मारत होते, थांबले नाहीत. "मोठा भाऊ होता माहा. वावरात काम करता करता म्हने, जरा बसतो. धुऱ्याच्या बांधावर बसला. उठलाच नाही, मॅडम." पुढच्या फेरीत ते पुन्हा माझ्यासमोरून गेले आणि पाढे म्हणा रे म्हणून आत ओरडले. त्यानंतर खुर्चीवरच्या त्या माठाकडे मला पहिल्यासारखं हसून बघता आलं नाही.

गेल्या वर्षी सोयाबीन निघायच्या दिवसांत एका शनिवारी पोरांनी हट्ट धरला, आज गुरुजींचं ऐकायचं. गुरुजी उभ्यानेच वाकले. चौथीतली आचल, बोलायला कमी आणि मोजायला पक्की, आणि आणखी दोघं नळ्या लावून बसली. तीन बोटं फरशीवर वाजू लागली. टक, टक, टक... आणि तिन्ही एकदम थांबली. मग पुन्हा टक, टक, आणि पुन्हा तिन्ही एकदम थांबली. आचलने वर पाहिलं. "गुरुजी, तुमचं चुकून राह्यलं."

"नळ्या फाटल्या वाट्टे," गुरुजी म्हणाले आणि ताडकन ताठ झाले. ताठ होताना त्यांनी दाराची चौकट धरली. तेव्हा मला उमगलं की गेला महिनाभर ते असेच कशाकशाला धरून उभे राहत होते, कधी खांब, कधी नळ, कधी कडुनिंब. मी आपली समजत होते, झाडाची साल तपासतायत! सात वर्षं रोज समोर असलेल्या माणसाचं हे मला दिसलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

मग सुरू झाल्या सबबी. सोयाबीन निघू द्या. परीक्षा होऊ द्या. "मले काय झालं? मी तं बसतही नाही!" अख्ख्या गावाला दवाखान्यात हाकणारा हा माणूस दवाखाना म्हटलं की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. मी रागावले, विनवलं, त्यांच्या घरी सांगेन म्हणून धमकावलं. काही उपयोग नाही.

दुसऱ्या सोमवारी प्रार्थना झाली आणि एकतीसच्या एकतीस पोरं जागची हलली नाहीत. उभी राहून नुसती गुरुजींकडे पाहू लागली. गुरुजी कडुनिंबामागे गेले, पोरं वळली. ते वर्गात शिरले. खिडक्यांत डोळेच डोळे. त्यांनी फळ्यावर गणित घातलं, पण उत्तर कोणी देईना. हजेरीलाही उडी नाही. "काहून पाहून राह्यले रे असे? बोला न काहीतरी!" एक शब्द नाही. पहिलीतलं एक पोर पाहता पाहता रडू लागलं, तर आचलने त्याचे डोळे पुसले आणि त्याचं तोंड पुन्हा गुरुजींकडे वळवलं. मधल्या सुट्टीपर्यंत गुरुजी टिकले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, दिग्रसच्या गाडीचा टाइम काय हाय?"

दिग्रसवरून यवतमाळला पाठवलं. ठोके मध्येच गळत होते. छातीत ठोके सांभाळणारं यंत्र, पेसमेकर, बसवावं लागलं. कुणाच्या लक्षात आलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गुरुजींनी चाड्याची सगळी कथा सांगितली. डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, "उशीर केला असता तर कठीण होतं."

दोन महिन्यांनी गुरुजी शाळेत परतले. माठ खाली उतरवला आणि खुर्चीत बसले. "डॉक्टरनं बसाले सांगतलं," म्हणाले. हजेरी बसून घेतली. शनिवारी पोरांनी चाडं काढलं. आचलने नळी कानाला लावली आणि बराच वेळ बोट वाजवत राहिली. एकही ठोका चुकला नाही. तिने नळी खाली ठेवली.

"काहून? बरोबर नाही काय?" गुरुजींनी विचारलं.

"बरोबर हाय. पन पहिले तुमचं वाटे, गुरुजी. आता कोनाचंही वाटते."

खिडकीबाहेर मैदानात पोरं पळत होती, गुरुजी तिकडे बघत हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होतील. आता ते रोज असे बसतात, आणि ते बसले की मला बांधावर बसलेला त्यांचा भाऊ आठवतो. त्या शनिवारी घंटा झाली, पोरं घरी गेली, माझी बसही निघून गेली. गुरुजी उठेपर्यंत मी दारातच उभी राहिले.