शेजारी चालतील

"तुम्ही करा, काकू. मी इथे नाहीच असं समजा."

असं म्हणून ती माझ्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभी राहायची आणि खरोखरच नसल्यासारखी व्हायची. लॅपटॉपवर हवं ते बटण सापडत नाही म्हणून मी मान वळवून पाहिलं, तर ही आपली छताकडे बघतेय.

मुलांनो, आमच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत राहणारी ती मुलगी काय काम करायची, हे तुम्ही मागे विचारलं होतं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. आता क्रमाने लिहिते. नाव मात्र लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही.

ती करी रोडच्या चाळीत वाढलेली. भावाचं लग्न झाल्यावर घरात लॅपटॉप उघडायला कोपरा उरला नाही, म्हणून इथे आमच्या फणसवाडीत भाड्याने आली. पस्तिशीच्या आतबाहेरची, बारीक, कायम केस वर बांधलेले. परळच्या एका मोठ्या इस्पितळाची वेबसाइट तिची कंपनी सांभाळायची. तिथे वेळ घ्यायला येणारे लोक कुठे अडतात ते पाहायचं आणि ती जागा सोपी करायची, हे तिचं काम. म्हातारी माणसं जास्त अडतात, म्हणून ती मला धरून बसवायची.

पहिल्यांदा तिने मला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली. मी डॉक्टरांच्या फोटोवर क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. सहाव्या वेळी मी चिडून म्हटलं, "अगं, हा माणूस हूं की चूं करत नाही!"

तिने वहीत काहीतरी टिपलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला तेच पान दाखवलं, पण त्यावर रंगांचे डाग होते. जिथे जास्त लोकांनी टकटक केली तिथे लाल. डॉक्टरांचं नाक लालभडक झालं होतं.

"सर्दी झालीय की काय यांना?"

"तुम्ही सगळ्यांनी मिळून केलीय," ती म्हणाली.

आठवड्याभरात त्या फोटोवर क्लिक केलं की डॉक्टरांच्या वेळा उघडायला लागल्या. आपण काही फार मोठं काम केलं असं मला दोन दिवस वाटत होतं.

मग एकदा जेवताना ती सहज बोलून गेली की फक्त डाग नसतात, आख्खी हालचालही नोंदली जाते. माउसचा बाण कुठून कुठे गेला, किती वेळ थांबला, काय लिहून खोडलं, सगळं नंतर चित्रपटासारखं पाहता येतं. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"म्हणजे मी घरात बसून चाचपडते ते कोणीतरी बघतं?"

"नाव दिसत नाही, काकू. तुम्ही जे लिहाल त्याच्या जागी ठिपके येतात. कोण आहे ते आम्हाला कळत नाही, कळू नये असंच असतं."

"पण?"

तिने आमटी ओतून घेतली. "पण रोज बघितलं की चाल ओळखू येते."

त्या रात्री मी माझ्या लॅपटॉपवर टेबलक्लॉथ टाकून ठेवला. वेडेपणा होता, मला समजत होतं. तरी टाकला.

पुढे जे झालं ते त्या चालीमुळेच झालं. इस्पितळात हृदयाची एक तपासणी असते, सरकत्या पट्ट्यावर चालवून करतात, तिच्यासाठी आधी फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म भरायला कोणीतरी रोज दुपारी तीनच्या सुमारास यायचं. प्रत्येक ओळीखालून बाण हळूहळू न्यायचं. लिहिलेलं झाकलं जातं, पण दिलेल्या उत्तरांतून निवडलेलं दिसतं. 'छातीत दुखते का' यापुढे 'होय'. 'केव्हापासून' यापुढे 'पंधरा दिवसांहून अधिक'. मग शेवटून दुसरी चौकट: सोबत येणाऱ्या नातेवाइकाचे नाव व मोबाइल. ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. तिथे बाण उभा राहायचा. चार ठिपके उमटायचे, पुसले जायचे. पुन्हा शांत. मग पान बंद.

असं तिने पाच दिवस पाहिलं. सहाव्या दिवशी ती माझ्या दारात आली. असं कोणाला दाखवायचं नसतं, तिने दाखवलं. मी तो थांबलेला बाण पाहिला. अकरा मिनिटं. मुलांनो, रिकाम्या रस्त्यावर पडलेलं माणूस दुरून दिसावं आणि आपल्याला हाक मारता येऊ नये, तसं मला वाटलं.

"माका भ्याव वाटता, काकू," ती म्हणाली. घाबरली की ती आईच्या भाषेत जायची. "पंधरा दिवस छातीत दुखतंय आणि एका चौकटीसाठी..."

"इस्पितळाला कळव."

"काय कळवू? नाव नाही, नंबर नाही. नुसता बाण आहे."

तिने माझ्यासमोरच तिच्या साहेबाला फोन लावला. साहेब वयाने तिच्याहून लहान असावा. "एका युजरसाठी आपण फॉर्म चेंज नाही करत यार. हॉस्पिटलला ते फील्ड पाहिजेच आहे. आणि तू एकाच माणसाला फॉलो करतेयस का? ते आधी बंद कर. प्रॉब्लेम होईल."

तो चुकीचं बोलत नव्हता. त्या नोंदी पानं सुधारायला होत्या, माणसांच्या मागे लागायला नव्हत्या. तिलाही ते मान्य होतं, म्हणूनच तिचा चेहरा उतरला.

मग तिने इस्पितळाच्या तपासणी विभागात साधा फोन केला. पलीकडून बाई घाईत म्हणाल्या, "नातेवाईकच कशाला हवा? चक्कर आली तर धरायला कोणीतरी पाहिजे. शेजारी चालतो की!"

चौकट तिला काढता येत नव्हती. पण चौकटीखाली एक बारीक सूचना असते, ती बदलणं तिच्या हातात होतं. अर्थात साहेबाला दाखवून. तिने दाखवलं नाही. आधी तिने लिहिलं: 'नातेवाईक नसल्यास "कोणी नाही" असे लिहावे.'

"हे नको," मी म्हटलं. "असं कुणाच्या हातून लिहवून घेऊ नये."

मग मी लिहिलं: 'नातेवाईक उपलब्ध नसल्यास अन्य परिचित व्यक्तीचे नाव देण्यास हरकत नाही.'

"काकू, हे वाचेपर्यंत पेशंट घरी जाईल."

शेवटी दोनच शब्द ठेवले. 'शेजारी चालतील.'

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. कोणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने पाठवलेलं बांगड्याचं तिखलं ताटात तसंच राहिलं. चौथ्या दिवशी जे मनात होतं ते तोंडातून काढायची दोघींचीही तयारी नव्हती. मी नुसती घड्याळाकडे बघायची आणि ती पडद्याकडे.

पाचव्या दिवशी दोन नोंदी आल्या. पहिलीत बाण त्या चौकटीशी आला, खालच्या दोन शब्दांखालून गेला, परत फिरून पुन्हा गेला आणि पान बंद झालं. ती डोक्याला हात लावून बसली. दुसरी नोंद वीस मिनिटांनंतरची होती. त्यात बाण कुठेच न थांबता थेट चौकटीत गेला आणि ठिपके उमटले. एक, दोन, पाच, नऊ. मग मोबाइलचे दहा. मग तपासणीची वेळ निवडली: मंगळवार, सकाळी साडेदहा. फॉर्म गेला.

"वीस मिनिटं कुठे गेले असतील?" मी विचारलं.

"दार वाजवायला," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ पदर नसताना पदर शोधल्यासारखी ओढणीशी खेळत राहिली.

तो मंगळवार होऊन गेल्यावर पुढच्या सोमवारी साहेबाने तिला लोअर परळच्या ऑफिसात बोलावून लॅपटॉप काढून घेतला. न विचारता बदललेली सूचना आणि एकाच माणसाच्या पुन्हा पुन्हा पाहिलेल्या नोंदी, दोन्ही सापडलं होतं. तिने नाकारलं नाही. त्या महिन्याच्या अखेरीस ती बंगळुरूला गेली. तिथे नक्की काय करते ते मला माहीत नाही. फोन येतो, पण माझीच चौकशी जास्त करते. टोकाच्या खोलीला अजून कुलूप आहे.

पण मधला मंगळवार सांगायचा राहिला.

मंगळवारी सकाळी ती चपला घालून माझ्या दारात उभी. "मी जाऊ का, काकू? जाणं बरोबर नाही, कळतंय मला. कोणाला काही विचारणार नाही. नुसती बसेन."

मीही जा म्हणायला नको होतं. मी म्हटलं, "जा."

ती परत आली तेव्हा पाच वाजून गेले होते. पाणी प्यायली आणि मग सांगितलं. बाकांवर तीसेक माणसं होती. कोण ते ओळखू येईल असं तिला वाटलं होतं, पण काहीच ओळखू येईना. प्रत्येकाबरोबर कोणी ना कोणी होतं. पाऊण तासाने खिडकीतल्या माणसाने एक नंबर पुकारला. एक आजोबा उठले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"बरोबर कोण आहे?" खिडकीतल्याने विचारलं.

"शेजारचा येणार होता हो. त्याला सकाळीच ड्यूटीवर बोलावलं."

"मग आज नाही होणार, बाबा. बरोबर माणूस पाहिजे."

आजोबांनी वाद घातला नाही. बरं म्हणाले, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि दाराकडे वळले.

"मी उठले, काकू," ती म्हणाली. "म्हटलं, मी आहे यांच्याबरोबर. तो म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, शेजारी."

"आणि आजोबा?"

"माझ्याकडे बघितलं त्यांनी. बराच वेळ बघितलं. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेले."